पांढरी गोळी

औषध आम्ही एकाच दिवशी सुरू केलं,
मी आणि नासिलेले, माझ्या भावाची मुलगी.
तिला बाविसावं, मला सदुसष्टावं,
मोंगूच्या दवाखान्यात बाक मात्र एकच.
खरं तर तपासायला तीच आली होती,
मी नुसता सोबतीला, छत्री धरून.
म्हाताऱ्याला कोण विचारतं असलं काही?
तीच म्हणाली, काका, बोट पुढे करा,
एक टोचणी, दुखत नाही.

दुखलं नाही. दुखलं नंतर.

त्याला दोन वर्षं झाली.
रात्री रेडिओवर बातम्या लागल्या
की ती तिच्या झोपडीत, मी माझ्या,
आपापली गोळी गिळतो.
मी एकदाही चुकलो नाही.
ती चुकली, दोनदा, मैत्रिणीच्या लग्नाच्या धांदलीत.
मला सांगितलं, आणि कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली.

आज कागद आले.
विषाणू तिच्यात सापडत नाही. माझ्यातही नाही.
इथवर आम्ही बरोबरीत.
मग पेशींचा आकडा.
तिचा सहाशे बेचाळीस.
माझा दोनशे एकतीस.
मागच्या खेपेला दोनशे सव्वीस होता.
सहा महिन्यांत पाच!
एवढे तर मासे मी
पहाटे तोंड धुवायच्या आत धरायचो.

सिस्टर मुबियानाला विचारलं,
माझ्या डबीत जुना माल भरलात का?
ती हसली नाही.
गोळ्यांच्या खोक्यामागे पेनने छाती काढली,
मधल्या हाडामागे दोन पाकळ्यांचं पान.
याला थायमस म्हणतात, म्हणाली,
कोवळ्या पेशी इथे शिकून बाहेर पडतात.
लहान मुलात हे भरलेलं असतं. तुमच्या वयात,
तिने अंगठ्याने पान पुसायला पाहिलं,
शाई जाईना,
तेव्हा त्यावर आडव्या रेघा मारल्या, चरबीच्या.

म्हणजे शाळा बंद पडली, मी म्हटलं.
बंद नाही. एखादा मास्तर येतो अधूनमधून.
आणि तुम्ही आलात केव्हा?
आकडा ब्याण्णव झाल्यावर.

मी जाळी सांधणारा माणूस.
एके काळी पुराने फाडलेलं आख्खं जाळं
रात्रीतून उभं केलंय, कंदिलावर.
आता सुई तीच, दोरा तर आधीपेक्षा चांगला,
नायलॉनचा, लुसाकाहून येतो,
पण गाठ बसता बसत नाही.
त्यामुळे सिस्टरचं म्हणणं मला कळलं.
कळलं म्हणजे पटलं असं नाही.

परत येताना कालव्याच्या काठाने नासिलेले गप्प.
चप्पल हातात घेऊन चालत होती, पुढे पुढे,
मग थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं.
दोघांचे मिळून आठशे त्र्याहत्तर होतात, म्हणाली.
निम्मे निम्मे केले तर चारशे छत्तीस,
वर एक उरतो.

उरलेला तू ठेव, मी म्हटलं.

वाटेत खोकला आला तशी तिने मागे वळून पाहिलं.
साधाच होता. धुळीचा.

फुफ्फुसं राखायची ती पांढरी गोळी
तिची आजपासून बंद झाली.
माझी चालू. किती दिवस,
ते सिस्टरने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

अंधार पडल्यावर ती आली,
तिच्या डबीवरची तारीख उजेडात धरून वाचली, दोनदा,
आणि उरलेल्या अकरा गोळ्या
माझ्या डबीत ओतल्या.
केवढा तो आवाज झाला.
बातम्या लागायच्या होत्या अजून.