मागेल तेव्हा

जैमिन म्हणाला, ताई, काहीतरी बिघडलंय.
अकरा लाख वीजमीटरांच्या नोंदी,
आणि माझी ओळ पापणी लवायच्या आत संपली.

संपली नाही रे, सुरूच झाली नाही.
तू लिहिलंस: थकबाकीदार गाळून काढ,
रकमेवर दंड चढव, पहिले पाच दे.
यंत्रानं नुसती मान डोलावली.
आता छाप म्हण, मग बघ,
एक नोंद उठेल, चाळणीतून जाईल,
दंड लागून बाहेर येईल. मग पुढची.
पाचवा मिळाला की मागे उरलेल्यांना
कुणी झोपेतून हलवणारसुद्धा नाही.

'आळशी' हा शब्द आमच्या घरात
फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेला होता.
इथे त्याला पगार मिळतो.

खाली, खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर
सेव-उसळवालाही असाच:
पातेल्यात रस्सा, डब्यात शेव,
गिऱ्हाईक 'बनावो' म्हणेपर्यंत ताटली कोरडी.

एक गोष्ट मात्र मी जैमिनला सांगितली नाही.

मार्चमध्ये मी अशीच एक ओळ लिहिली होती,
दांडिया बाजारातल्या सगळ्या जोडण्या, नावांसकट.
वाटलं, यादी आहे आपल्यापाशी.
जूनमध्ये उघडली तर एक नाव कमी.
टिपणीस वि. ग., तिसरा मजला,
मीटर चार शून्य सात एक आठ.
घर विकल्यावर नाव काढायचा अर्ज
मीच दिला होता, माझ्याच सहीनं.
ओळीकडे बाबा कधी नव्हतेच.
तिच्याकडे होता फक्त रस्ता.
दर वेळी ती तो नव्यानं चालत जाते,
जे घरात असतील त्यांनाच हाक मारते.

बाबा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दर महिन्याचा आकडा लिहायचे, पेन्सिलीनं,
मीटरवाला यायच्या आदल्या दिवशी.
ते कॅलेंडर मी रद्दीत घातलं.

"मग सगळ्याची पक्की यादीच करून ठेवू का?"
किती हवेत तुला?
"पाच."
मग राहू दे.

तो छाप म्हणतो. एक.
दोन, तीन लागोपाठ.
चौथ्याला जरा वेळ लागतो.
मध्ये बरेच जण
वेळेवर बिल भरणारे निघाले असणार,
बाबांसारखे.