अकरा महिने

डुलूथ. सरोवर अजून गोठलेलंच.
आउने राउतिओ कोट न काढता बसते.
म्हणते, वाइनोचे बूट रोज पुसते,
दाराशी ठेवते, टोकं घराकडे करून.

मी जाडजूड पुस्तक उघडते.
झोप? भूक? रडू?
बोटांवर मोजत जाते
वाण्याकडे सुटे पैसे मोजावेत तशी.

पान सांगतं, शोकाला विकार म्हणायचं
तर वर्ष भरावं लागतं.
हिचे अकराच.

विम्याच्या चौकोनात मात्र आकडा हवा आजच,
नाहीतर पुढची भेट तिच्या खिशातून.

"यात बूट आहेत का?"
हनुवटीनं पुस्तक दाखवत ती विचारते.

नाहीत.

चौकोनात मी जवळपासचा आकडा लिहिते,
आणि समासात, पेन्सिलीनं,
बुटाचा नंबर.
साडेदहा.