समुद्रसपाटीपासून

हरिदास धांडे बावीस वर्षं जहाजावर, भटारखान्यात.
दर्यापूरला झेरॉक्सच्या दुकानावर माझी दहा बाय बाराची खोली,
तिथं आला, आणि बसायच्या आधीच म्हणाला,
"समुद्राजवळचं घर काढून द्या."

मी हसलो नाही.
आमच्या तालुक्याच्या नावातच दर्या आहे.
खरा हवा असेल तर रेल्वेनं अख्खी रात्र.

त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं:
पश्चिमेला लांब ओटा, पांढरे लोखंडी कठडे,
चुलीपाशी गोल खिडकी, पितळी कडीची.
मी म्हटलं, मे महिन्यात पश्चिमेचा वारा
म्हणजे कुंभाराच्या आव्याचं तोंड.
"भटारखान्यापेक्षा गरम?" त्यानं विचारलं.

मग मी माती सांगितली.
काळी. उन्हाळ्यात अशी फाटते
की पोराचा चेंडू गेला तर परत येत नाही.
पावसात फुगते, भिंत खांद्यावर घेते,
दिवाळीला खाली ठेवते, तीही तिरपी.
"म्हणजे डोलते," तो खूश झाला.
मी चौदा खांब काढले, खोल,
बुडाशी कांद्यासारखे फुगीर,
न डोलण्यासाठी.

दुसऱ्या खेपेला वनमालावहिनी आल्या.
पिशवी मांडीवर. टेबलाच्या पलीकडून
नकाशा त्यांना उलटाच दिसत होता,
तरी बराच वेळ बघत राहिल्या.
"याच्यात पाणी कुठी हाये, भाऊ?"
मी न्हाणी दाखवली, नळ दाखवले.
"तसं नाही. प्याचं."

आमच्याकडे चाळीस फुटांवर पाणी लागतं
आणि त्यात तुरीची डाळ शिजत नाही.

"समुद्र त मी रोज उपसून रायली," त्या म्हणाल्या,
"बावीस वर्सं, हापशीनं.
मले त्याच्यापासून लांबचं घर पायजे."

पंखा फिरत होता. हरिदास नखं बघत होता.
मी खोडरबर घेतलं.
अर्धा ओटा गेला. त्याच्या जागी, जमिनीत, टाकं:
तीस हजार लिटर.
छताचे सगळे उतार एका कोपऱ्याकडे वळवले,
जणू घर कान लावून बसलंय.
गोल खिडकी चुलीपासून उठून जिन्यात गेली.
तिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

खाऱ्या पाण्यात सिमेंट कालवत नाहीत.
गोडं पाणी टँकरनं आणलं.
वहिनींनी कोळशानं कुडावर रेघा ओढल्या,
सव्वीस.
"एवढं त मी वर्सात पेली नसन," त्या म्हणाल्या,
आणि ओल्या स्लॅबवर गोणपाटं अंथरायला
मजुरांच्या आधी वर चढल्या.

कार्तिकात मी पैशाचा शेवटचा हप्ता घ्यायला गेलो.
जिन्यातल्या खिडकीतून शेत दिसत होतं, फुटलेलं.
"पाहा," हरिदास म्हणाला, "फेस."
"फेस वेचा लागत नाही," वहिनी खालून म्हणाल्या,
"उतरा. गाठोडं बांधा."

जोत्याच्या वर, वीतभर, भिंतीला पांढरं फुटलं होतं.
माझी मान खाली गेली. ओलरोधक थर दिला होता,
बिलात लावलाही होता.
हरिदासनं बोट फिरवलं, जिभेवर ठेवलं,
डोळे मिटले.
"तोच आहे," म्हणाला. पैसे कापले नाहीत.

मग त्यानं घडी घातलेला नकाशा काढला.
कोपऱ्यात मी नेमाप्रमाणे लिहिलं होतं:
जोत्याची उंची, समुद्रसपाटीपासून
दोनशे ब्याऐंशी मीटर.
ती ओळ त्यानं दोनदा वाचली, ओठ हलवत.
"म्हणजे मोजलं तिथूनच."
"सगळंच तिथून मोजतात," मी म्हटलं.

वहिनी टाक्याचं झाकण उचलून वाकल्या होत्या.
आतून त्यांचा आवाज मोठा होऊन आला:
"पायपाले फडकं बांधा लागते.
लिंबाचं पान पडलं हाये एक."