मूळ रंग

सकाळी सातलाच गाड्या लागल्या होत्या
होटगी रोडच्या लॉनवर, नाकं एका रेषेत.
ऊन चढायच्या आत बघून घ्या, संयोजक म्हणाले,
आणि गळ्यात बिल्ला अडकवला : परीक्षक, रंग.
मी दस्तगीर नदाफ. अक्कलकोट रोडला पत्र्याची शेड,
एक कॉम्प्रेसर, दोन गन,
छातीत अठ्ठावीस वर्षांचा थिनर.

खिशात टॉर्च, आणि फडक्यात बांधलेलं लोहचुंबक.
पत्र्याला ते चटकन धरतं.
लांबीवर घसरतं,
लग्नात नको असलेला पाहुणा दिसावा तसं.

पुण्याहून आलेल्या लाल गाडीच्या बोनेटमध्ये
मला माझे दात मोजता येत होते.
मालक दोन पावलं मागे, हात पाठीशी,
मुलगी दाखवणाऱ्या बापासारखा.
टॉर्च तिरपी धरली. वलय नाही,
संत्र्याची साल नाही, थेंब ओघळलेला नाही.
किती थर? अकरा, म्हणाला.
चुंबक दाराखाली तीन ठिकाणी सुटलं.
दोघंही काही बोललो नाही.

काळीवर उजेड टाकला तर नुसती कोळ्याची जाळी.
वाळूसकट फडकं फिरवलेलं.
म्हटलं, आपल्या गावचा टॉवेल अंगाला बेस्ट,
गाडीला नको.
तो हसला नाही.
नंतर कळलं, त्याचा टॉवेलचाच कारखाना.

मग नंबर सत्तावीस.
फियाट, कच्च्या पेरूचा हिरवा.
डॉक्टर हत्तुरेंची. डॉक्टर आता नाहीत,
त्यांची उमाक्का चाकाजवळ स्टूल टाकून बसलेली.
उजव्या खिडकीच्या कडेला, कोपर टेकायचं तिथं,
हिरवा संपून तांबडा प्रायमर,
प्रायमर संपून पत्रा,
आणि पत्रा तेवढाच लख्ख.
"सगळं ओरिजिनल हाय, काका.
पप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही."

मागच्या डाव्या मडगार्डपाशी आलो
आणि चुंबक बाहेर काढलंच नाही.

ते मी मारलेलं.
सव्वीस वर्षांपूर्वी, रात्री अकराला,
मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली,
डॉक्टरांना पहाटे कुठं निघायचं होतं.
बाप माझा मिलच्या रंगखात्यात,
नखं मरेपर्यंत निळी.
सांगायचा : रंग दारात नेऊन बघावा,
उत्तरेच्या उजेडात.
बत्तीखाली सगळेच रंग हो म्हणतात.
सकाळी डॉक्टर म्हणाले,
"नदाफ, हा आमचा हिरवा नव्हे,
ह्याचा चुलतभाऊ आहे."
पैसे मात्र पूर्ण दिले.
ते जास्त लागलं.

आता उत्तरेला तोंड करून उभा राहिलो.
डोळे बारीक केले. बसलो. मान वाकडी केली.
सव्वीस उन्हाळे दोघं हिरवे
एकाच दोरीवर वाळत पडलेले.
माझा गडद, भराभर उतरला.
कंपनीचा बेतानं.
कुठल्या साली गाठ पडली,
कुणी बघितलं नाही.
नखानं शोधली तेव्हा सापडली
टेपची कड, केसाएवढी.

फॉर्ममध्ये रकाना सात : मूळ रंग.
आहे. नाही.

उमाक्का थर्मासमधून चहा ओतत होती.
लाल गाडीवाला सावली शोधत होता.
संयोजक माइकवर फू फू करत होते.

'नाही'वर खूण केली. दहा गुण कापले.
कारण विचारलं होतं, एका ओळीत.
लिहिलं : मागचं डावं मडगार्ड, काम माझं.
मग तेही खोडलं,
कारण तेवढं दिसत नव्हतं,
आणि परत लिहिलं.

सही करताना हातातला कागद डगडगायला लागला.
"टेका की गाडीवर," उमाक्का म्हणाली.
रंगावर कागद टेकवू नये, पेनाचा ओरखडा उठतो,
हे शेडमधल्या पोरांना रोज मीच ओरडून सांगतो.
टेकवला.
त्याच मडगार्डवर.
पत्रा एव्हाना तापायला लागला होता.