रकाना सातवा

कोलशेत, खाडीकाठ. उंबरे दोनशे बारा,
टॉवरवाले वेगळे मोजायचे.
देऊळ एक. शाळा सातवीपर्यंत.
जेटी आहे, पण पलीकडे काल्हेरला होडी
आता फक्त नवरदेवाच्या मानाला जाते.
इथवर मी शाईनं लिहिलं.

मातृभाषा?
जोमा तरे जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
मराठी लिव.
तेवढ्यात पाणी उतरताना दिसलं
आणि तो खच्चून ओरडला,
"सुकती लागली गो, होरी बांद!"

सून लातूरची.
तो ओरडायच्या आधीच
चिखलात गुडघाभर उतरून
दोर ओढत होती.
"बांदली बाबा, बांदली!"

मी पेन काढलं, परत खिशात ठेवलं.
सातव्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिलं, बारीक अक्षरात,
त्यांचंच.
साहेब खोडतील, माहीत आहे.