जिनाची सर्दी

नखीलची खोली सोडताना सिराज मुकादम
एक गादी, एक कुकर आणि एक कादंबरी ठेवून गेला.
इंग्रजी. शेवटची अकरा पानं गायब.
गच्चीवर कंप्रेसरच्या सावलीत बसून वाचली,
दोन महिने लागले.

त्यातला जिन लोणच्याच्या बरणीत राहायचा,
नऊशे वर्षं ओलीत राहून सर्दी जडलेला.
मालकानं मागावं, यानं मान तुकवावी
आणि नेमकं तेव्हाच शिंकावं.
घोडा मागितला, तर घोडी आली, तीही गाभण.
सासऱ्याचा राग जाऊ दे म्हटलं, तर सासराच गेला;
तिसऱ्या दिवशी मस्कतच्या पोस्टात सापडला,
कपाळावर तिकीट.
हसता हसता माझ्या हातून पाना निसटला,
चार मजले खाली. खाली फोरमन कुंजुमोन.
त्यानं वर बघून जे मागितलं
ते ऐकायला जिन नव्हता, म्हणून मी आहे.

सिनेमे दोन निघाले, मोबाइलवर पाहिले.
पहिला मुका. जिन नुसती मान झटकतो,
उसण भरल्यासारखी,
आणि शेवटी बरणीत शिरून झाकण आतून ओढून घेतो.
दुसऱ्यात नऊ गाणी, सर्दी नाही;
तिथे तो नायिकेच्या मावशीशी लग्न करतो.
खरं काय ते त्या अकरा पानांना ठाऊक.

तिसरा इथंच चाललाय, जझीरत अल हमरात,
मोतीवाल्यांनी सोडलेल्या गावात.
रात्री वॉचमनही गाडीच्या काचा वर करून झोपतो.
तंबूत गारवा पुरेना, म्हणून मला बोलावलं.
नट निळा, छाती बरणीत न मावणारी.
'याला सर्दी नाही?' मी विचारलं.
'पटकथेत नाही,' सहायक पोरगी म्हणाली.
कादंबरी तिथं कुणीच वाचली नव्हती.
मी एसी सोळावर नेला
आणि पाइपचं तोंड जरासं वळवलं.

'बोल, मालका...' नट म्हणाला, आणि शिंकला.
असा शिंकला की निळा रंग कॅमेऱ्यावर
आणि बसलेला उंट उभा.
दिग्दर्शक 'कट' ओरडला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, 'हे ठेवा.'
बिलात मी लिहिलं: थर्मोस्टॅट दुरुस्ती, साठ दिरहम.

रात्री खेडला फोन लावला.
'सिराजभाई, ती अकरा पानं?'
'अरे, ती होय? अम्मीसाठी अत्तराच्या बाटल्या नेल्या ना,
त्यांना गुंडाळली.
एकही फुटली नाही बघ.'