अक्षरांची उंची

पाटी बदलायला आम्ही गेलो, मी आणि क्रेट्शमार साहेब,
तेव्हा लुबोशोवच्या फाट्यावर धुकं होतं
आणि धुक्यापलीकडे कोळशाच्या खाणीचं यंत्र
जेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, कसलीही घाई नसल्यासारखं,
जमीन चावत होतं.

वरचं नाव जर्मन. सोळा सेंटिमीटर.
खालचं आमचं, सोर्बांचं. साडेनऊ.
टेप मीच धरली होती.
फरक साडेसहा. माझ्या करंगळीएवढा.

एवढ्यासाठी म्येर्चिनमामानं चौतीस वर्षं अर्ज लिहिले.
हातानं. नंतर टाइपरायटरवर,
ज्याच्यावर आमच्या अक्षरांच्या टोप्या नव्हत्या,
त्या तो मागाहून पेनानं घालायचा, एकेक,
शाळेत निघालेल्या पोरांना घालाव्यात तशा.

त्याच्या अर्जांत देश कधीच नव्हता.
सैन्य नको होतं त्याला, नाणं नको होतं,
विमानतळ तर नकोच (बसला होता कुठे कधी विमानात).
शाळेत एक फळा.
कुठलं गाव खणायचं हे ठरेल त्या टेबलाशी एक खुर्ची.
आणि खालची ओळ वरच्या ओळीएवढी.

एकदा उत्तर आलं, शिक्क्यासकट :
आपण सारे एकच आहोत.
मामा ते कितीतरी वेळ धरून बसला. मग म्हणाला,
यांचं ‘आपण’ कधी निघतं बघ :
कर भरायचा असला की,
पूर आला की,
आमच्या परसाखाली कोळसा सापडला की.
आणि आम्ही नुसतं ‘आम्ही’ म्हणालो
तर यांना दार आपटल्याचा आवाज येतो.

आमच्या भाषेत एकाचं एक रूप आहे, पुष्कळांचं एक,
आणि मधे एक, फक्त दोघांचं.
हांजामामी म्हणायची : आलो. खारवल्या काकड्या. भांडलो. निजलो.
‘दोघं’ हा शब्द वेगळा लागतच नसे,
क्रियापदाच्या शेपटातच मामा बसलेला असे.
तो गेल्यावर तिनं ते रूप
रिकाम्या बरणीसारखं माळ्यावर टाकलं.
मागच्या हिवाळ्यात मात्र मी ऐकलं,
ती कोंबडीला सांगत होती,
चल, आत जाऊ. दोघांच्या रूपात.
मी फाटकातच थांबलो थोडा वेळ.

नवी पाटी छान आहे.
दोन्ही नावं बारा सेंटिमीटर, पिवळ्यावर काळी,
आठ स्क्रू, गंज न लागणारे.
साहेबांनी लेव्हल लावून बघितली, बुडबुडा मधोमध.
गावाला खाली करायची नोटीस आहे
पुढच्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.
हे दोन कागद वेगवेगळ्या खात्यांतून आले,
कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही.
बावीस वर्षं खात्यात आहे,
खाती एकमेकांशी बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे.

मामी शाल गुंडाळून आली.
खालची ओळ तिनं बोटांनी चाचपली,
टोपी असलेल्या अक्षरावर थांबली.
‘लिहिलंय बरोबर’ म्हणाली. एवढंच.
मग माझ्याकडे वळून, सवयीनं का मुद्दाम,
कॉफी घेऊ, म्हणाली, दोघांच्या रूपात.
आणि तेवढ्यात तिला दिसले क्रेट्शमार साहेब,
ओठांत उरलेला स्क्रू, हात थंडीनं लाल.
तिनं क्रियापद मोडलं
आणि पुन्हा म्हणाली, पुष्कळांचं रूप घालून.

‘काय म्हणाल्या?’ साहेबांनी विचारलं.
मी सांगितलं, कॉफी.

जुनी पाटी नियमानं जमा करायची असते.
साहेबांनी रजिस्टरात लिहिलं : भंगार, वाटेत पडली.
ती आता कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे.
उलटी बसवलीये मामीनं.
साडेनऊची ओळ वर.